नागपूर ते बाटुमी : एका ग्रँडमास्टरची वाटचाल

२८ जुलै २०२५ या दिवशी, काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या जॉर्जिया देशातील बाटुमी नगरात, महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना संपला. विजयी झाली ती नागपूरची कु. दिव्या देशमुख. तिचे वय त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. या विजयाने तिला चषक तर मिळालाच. पण त्याबरोबर ‘ग्रँडमास्टर’ ही बुद्धिबळातील अत्यंत मानाची पदवीही मिळाली. ही पदवी मिळविणारी ती अठ्ठ्याऐंशीवी भारतीय ठरली. आणि भारतीय स्त्रियांमध्ये तर केवळ चौथी. तिच्यापूर्वी कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हारिका आणि आर. वैशाली या तिघींनाच हा मान लाभला होता.

ही वार्ता ऐकून पुष्कळांच्या मनात एक शंका डोकावली असेल. ग्रँडमास्टर होण्यासाठी खेळाडूंना वर्षानुवर्षे देशोदेशी हिंडावे लागते, एकेक पायरी चढावी लागते, असे आपण ऐकतो. मग एकाच स्पर्धेअखेर ही पदवी दिव्याच्या हाती कशी आली? हे दैवाचे दान म्हणावयाचे, की कष्टांचे फळ? स्वतः दिव्यानेही विजयानंतर दैवाचाच उल्लेख केला. परंतु पदवी म्हणजे काय, ती कशी मिळते आणि स्त्रियांना ती मिळविणे अधिक कठीण का जाते, हे समजून घेतले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर निराळे येते.

बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. तिला तिच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फिडे’ असे म्हणतात. या संस्थेने १९५० साली प्रथम अधिकृतपणे ग्रँडमास्टर ही पदवी दिली; त्या वेळी ती सत्तावीस खेळाडूंना मिळाली. पुढे पदवीसाठी निश्चित नियम झाले. आजच्या नियमांप्रमाणे खेळाडूला दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे २५०० हे गुणांकन. गुणांकन हा खेळाडूच्या बळाचा अंक होय. प्राध्यापक आर्पाद एलो यांनी शोधिलेल्या गणिती पद्धतीने तो काढतात आणि फिडेने ती पद्धत १९७० साली स्वीकारली. तिचे तत्त्व साधे आहे. बलवानाला हरविले तर अंक पुष्कळ वाढतो, दुबळ्याला हरविले तर थोडाच वाढतो, आणि दुबळ्याशी हरले तर मोठी खोट येते. दोन खेळाडूंच्या अंकांत दोनशेचे अंतर असेल, तर वरच्याने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘नॉर्म’. एखाद्या स्पर्धेत खेळाडूने ग्रँडमास्टरला साजेसा खेळ केला, याचा तो दाखला होय. साधारणतः नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० गुणांकनाच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी करावी लागते. प्रतिस्पर्ध्यांपैकी निदान एक तृतीयांश तरी ग्रँडमास्टर असावे लागतात. आणि सगळेच प्रतिस्पर्धी स्वदेशीय असून चालत नाही. असे दाखले सत्तावीस डाव भरतील इतके, म्हणजे बहुधा तीन, जमवावे लागतात. एखाद्या स्पर्धेत अर्ध्या गुणाने नॉर्म हुकला, की प्रवास, निवास आणि प्रवेशशुल्क यांचा सारा खर्च पुन्हा करून नव्याने प्रारंभ करावयाचा, असा हा क्रम आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. त्यांच्यासाठी फिडेने ‘महिला ग्रँडमास्टर’ ही वेगळी पदवी १९७६ पासून दिली आहे. तिला २३०० गुणांकन पुरते. म्हणजे मूळ पदवीहून दोनशे अंकांनी ती खाली आहे. या पदवीमुळे मुलींना उत्तेजन मिळते हे खरे. पण केवळ महिलांच्या स्पर्धा खेळत राहिल्यास मूळ पदवीचा नॉर्म मिळणे दुर्घट होते. कारण तेथे प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी गुणांकन कमी असते आणि ग्रँडमास्टर मोजकेच असतात. म्हणून जिला खरोखर ग्रँडमास्टर व्हावयाचे आहे, तिला स्त्रीपुरुष दोघांनाही मोकळ्या असलेल्या स्पर्धांतच उतरावे लागते. जगात आजवर दोन हजारांच्या आसपास खेळाडू ग्रँडमास्टर झाले. त्यांतील स्त्रिया चाळिसांहून किंचित अधिक आहेत, यावरून ही चढण किती उभी आहे ते ध्यानात येईल.

स्त्रियांनी मोकळ्या स्पर्धेत बसावे की नाही, हा वाद आपल्या महाराष्ट्रातही एके काळी चांगलाच गाजला होता. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली बंगलोर येथे झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे अजिंक्यपद मिळविले, आणि पहिली सुमारे दहा वर्षे हा मान एकाच मराठी घरात फिरत राहिला. १९७६ साली रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यावरून मोठे वादळ उठले. प्रकरण न्यायालयापर्यंत आणि फिडेपर्यंत गेले. अखेर फिडेचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही.

त्यानंतरची परंपराही लहान नाही. आशियाई महिला अजिंक्यपद १९८१ साली रोहिणी खाडिलकर यांनी मिळविले. १९८५ आणि १९८७ साली ते अनुपमा अभ्यंकर, म्हणजे पुढील अनुपमा गोखले यांच्याकडे आले. १९९१ साली भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी ते पटकाविले. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन २००९ साली मुलींच्या जागतिक कनिष्ठ गटात विजयी झाल्या. या सर्वांनी मोठे यश मिळविले. परंतु मूळ ग्रँडमास्टरपद मात्र यांपैकी कोणालाही लाभले नाही. मराठी पुरुषांमध्ये प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, तेव्हा ते भारतातील तिसरे होते. मराठी मुलीने ती पायरी गाठण्यासाठी त्यानंतर आणखी अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजी नागपूर येथे झाला. आईवडील दोघेही वैद्यकीय व्यवसायातील. थोरली बहीण बॅडमिंटन शिकू लागली. धाकटीला बुद्धिबळाची गोडी लागली. त्या वेळी ती पाच वर्षांची होती. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे आरंभीचे गुरू. आपली ही शिष्या एके दिवशी ग्रँडमास्टर व्हावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु २०२० साली ऐन चाळिशीत त्यांचे निधन झाले, आणि तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लहानपणीची तिची प्रगती झपाट्याची होती. २०१२ साली सात वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिली आली. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे दहा वर्षांखालील, आणि २०१७ साली ब्राझील देशात बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद तिने मिळविले. तथापि बालवयातील अजिंक्यपदे ही भावी यशाची हमी नव्हेत. दहाव्या वर्षी चमकलेली कितीतरी मुले सोळाव्या वर्षी पटावरून दिसेनाशी होतात. अभ्यास वाढतो, परीक्षा येतात, प्रवासाचा खर्च पेलत नाही. आणि मुलीच्या बाबतीत तर तिच्यासमवेत परगावी व परदेशी कोण जाणार, हाही प्रश्न असतो. देशमुख कुटुंबात तो आईने सोडविला. मुलगी ज्या देशी खेळावयास जाईल, तेथे बहुधा आई सोबत असे.

२०२० साली साथीच्या रोगाने पटावरच्या स्पर्धा थांबल्या. त्या वर्षी ऑलिंपियाड संगणकावरून खेळविण्यात आले आणि भारत व रशिया यांना संयुक्त सुवर्णपदक मिळाले. त्या भारतीय संघात दिव्या होती. २०२१ साली ती महिला ग्रँडमास्टर झाली, २०२२ साली राष्ट्रीय महिला अजिंक्यवीर झाली, आणि २०२३ साली कझाकस्तानातील अल्माटी येथे तिने आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी तिला ‘इंटरनॅशनल मास्टर’ ही पदवीही लाभली. ही पदवी ग्रँडमास्टरच्या लगतची खालची पायरी असून ती स्त्रीपुरुषांना समान नियमांनी मिळते. याच सुमारास कोलकात्यात महिलांची जलदगती स्पर्धा झाली. गुणांकनाच्या क्रमाने दिव्या तेथे अगदी तळाला होती. पण स्पर्धा संपली तेव्हा ती सर्वांच्या पुढे होती.

२०२४ सालच्या जानेवारीत ती नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे खेळली. तेथून परतल्यावर या अठरा वर्षांच्या मुलीने एक गोष्ट जाहीरपणे लिहिली. पुरुष खेळाडूंच्या डावांची चर्चा होते. आपल्या बाबतीत मात्र प्रेक्षकांचे लक्ष डावाकडे नसून पोशाखाकडे, केसांकडे आणि बोलण्याच्या ढबीकडे असते, असे तिचे म्हणणे होते. या तक्रारीवर देशोदेशी चर्चा झाली. १९७६ साली मुलीने पटाशी बसावे की नाही हा प्रश्न होता. २०२४ साली तिला बसू दिले जात होते. पण ती खेळते काय, इकडे पाहिले जात नव्हते. हाही अन्यायच होय, आणि तो कोणत्याही नियमाने दूर होणारा नाही.

याला तिने पटावरून जे उत्तर दिले, ते आकड्यांतच सांगता येईल. जून २०२४ मध्ये गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. तीत दिव्याने ११ पैकी १० गुण मिळवून अजिंक्यपद जिंकले. सप्टेंबरमध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक पटकाविले. या संघाचे नेतृत्व पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्याकडे होते. दिव्या तिसऱ्या पटावर खेळली. अकराही फेऱ्यांत तिला विश्रांती मिळाली नाही. तिने साडेनऊ गुण केले आणि वैयक्तिक सुवर्णपदकही मिळविले. इतके होऊनही ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म तिच्या खात्यावर नव्हता.

अशा स्थितीत ती बाटुमीला गेली. १०७ खेळाडू, बाद पद्धतीची स्पर्धा, आणि प्रत्येक सामन्यात दोन प्रदीर्घ डाव. ते बरोबरीत सुटले, तर जलदगती डाव. साखळी स्पर्धेत एखादा पराभव पुढे भरून काढता येतो. येथे मात्र एका चुकीसरशी परतीचा प्रवास सुरू होतो. क्रमवारीत दिव्या पंधरावी होती. चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या क्रमांकाची चिनी खेळाडू झू जिनर हिला जलदगती डावांत हरविले. उपांत्यपूर्व फेरीत आठांपैकी चार भारतीय होत्या. तेथे तिने हारिका यांच्यावर मात केली. उपांत्य सामन्यात चीनच्या माजी जगज्जेत्या टान झोंगयी समोर होत्या. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा तब्बल १०१ चालींचा झाला, आणि तो दिव्याने जिंकला.

अंतिम सामना दोन भारतीयांतच झाला. समोर होत्या आंध्रच्या कोनेरू हंपी, जलदगती बुद्धिबळातील दोन वेळच्या जगज्जेत्या. हंपी २००२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी भारतातील पहिल्या स्त्री ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. त्यांपैकी पहिल्यात दिव्याला वरचढ स्थिती लाभली होती, पण तिचे विजयात रूपांतर करता आले नाही. तिसऱ्या दिवशी जलदगती डाव झाले. प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंदांची भर. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबत गेला, पटावर थोडी मोहरी आणि प्यादी उरली, आणि वेळ संपत आला असता हंपींच्या हातून चूक झाली. अशा अंतिम अवस्थेत एका प्याद्याचे मोल फार असते. दिव्याने ते वसूल केले, आणि हंपींनी हार मानली. सामना अडीच विरुद्ध दीड गुण असा संपला. पटावरून उठून दिव्या आईला बिलगली तेव्हा तिला अश्रू आवरले नाहीत.

फिडेच्या नियमांत काही थोड्या स्पर्धा अशा आहेत, की त्यांतील विजेत्याला नॉर्म न पाहता थेट पदवी दिली जाते. महिलांचा विश्वचषक त्यांपैकी एक. तीन नॉर्म दाखवितात ते हेच, की खेळाडू ग्रँडमास्टरांच्या तोडीचा आहे. आणि ज्या मुलीने जगातील अव्वल खेळाडूंना एकामागून एक बाजूस सारले, तिच्याविषयी ही खात्री वेगळी करून घेण्याचे कारण नाही. सवलत आहे ती कागदपत्रांची, खेळाची नव्हे. म्हणूनच दैवाचा वाटा येथे थोडाच मानावा लागतो. एका दिवसात जे पदरी पडले, त्यामागे चौदा वर्षांचा सराव होता.

स्थळाचा योग मात्र खरोखर विलक्षण म्हटला पाहिजे. जगात ग्रँडमास्टर ही पदवी मिळविणारी पहिली स्त्री नोना गाप्रिंदाश्विली ही याच जॉर्जियाची कन्या. १९६२ पासून १९७८ पर्यंत ती महिला जगज्जेती होती आणि १९७८ साली तिला ही पदवी मिळाली. त्यानंतर १९८४ साली हा मान मिळविणारी दुसरी स्त्री मैया चिबुर्दानिद्झे, तीही जॉर्जियाचीच. लोकसंख्येने लहानसा तो देश. पण तेथे मुलींना बुद्धिबळ शिकविणे ही अनेक पिढ्यांची रीत आहे. पिढीजात रीतीचे बळ केवढे असते, हे यावरून दिसते.

बाटुमीनंतर दिव्यासमोर अधिक कठीण मार्ग उभा राहिला, आणि तो तिने टाळला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंद येथील मोठ्या स्पर्धेत महिला विभाग असतानाही ती खुल्या विभागात खेळली. नोव्हेंबरमध्ये गोव्यात खुला विश्वचषक झाला. तेथे मात्र तिला पहिल्याच फेरीत एका ग्रीक ग्रँडमास्टरकडून हार पत्करून बाहेर पडावे लागले. पदवी मिळाली म्हणजे पराभव संपले असे होत नाही. आपल्याला डावाची अंतिम अवस्था अजून नीट शिकावयाची आहे, असे तिने विश्वचषक जिंकल्यानंतर लगेच म्हटले होते. विजयाच्या क्षणी स्वतःचे उणे बोलून दाखविणाऱ्या खेळाडूकडून पुष्कळ आशा बाळगता येते.

मुलांना घडवू पाहणाऱ्या घरांनी यातून काय घ्यावे? नागपुरात दिव्यापूर्वी रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोन तरुण ग्रँडमास्टर झाले होते. नाशिकला विदित गुजराथी आहेत. मुंबई-पुण्याची परंपरा तर जुनीच. म्हणजे जेथे शिकविणारा आहे, तोलाचा प्रतिस्पर्धी आहे आणि वेळोवेळी स्पर्धा होतात, तेथे खेळाडू निपजतात. याउलट हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगाच्या गावी एखाद्या मुलीच्या अंगी तेवढीच बुद्धी असली, तर तिची वाट कशी असेल याचा विचार करावा. आज तेथील मुलीला हातातल्या फोनवर साऱ्या जगाशी डाव मांडता येतो. उत्तम खेळाडूंचे डाव पाहता येतात. ही सोय पूर्वीच्या पिढीला नव्हती. पण फोनवरच्या अशा डावांनी फिडेचे पदवीसाठी लागणारे गुणांकन मिळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेत, प्रत्यक्ष पटासमोर बसावे लागते. जिल्हा, राज्य, राष्ट्र या क्रमाने निवड होते, आणि प्रत्येक पायरीला प्रवास, खर्च आणि सोबत लागते. नागपूरच्या डॉक्टर दांपत्याने जे केले, ते प्रत्येक घराला शक्य नाही. तेथे शाळा, जिल्ह्याच्या संघटना आणि गावातील सुस्थित मंडळी यांनी भार उचलावयास हवा.

एक पट, बत्तीस मोहरी आणि घड्याळ, एवढ्यावर हा खेळ सुरू होतो. त्याला मैदान लागत नाही. दिव्याच्या यशाने महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत मुलींनी पट मांडला असेल. त्या पटाशी मुलगी बसली असता तिच्या वेणीफणीविषयी नव्हे, तर तिने आता कोणती चाल केली आणि का केली, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी तिला विचारावे. मुलीला आपला खेळ गंभीरपणे घेतला जातो, हे प्रथम घरातच कळले पाहिजे.